बैलगाडीतील पेटी आणि खिशातील पेटी

कॅमेरा विकत घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे गेली शंभराहून अधिक वर्षे एकच प्रश्न वेगवेगळी वस्त्रे पांघरून उभा राहत आला आहे. मोठे, जड, भिंगे बदलता येणारे यंत्र घ्यावे, की खिशात मावणारे आणि बटण दाबताच काम उरकणारे लहान यंत्र पसंत करावे? एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंगळूरमध्ये संगणकाच्या व्यवसायात शिरलेल्या तरुण मंडळींना तो नव्याने पडला. पगार हाती आला होता, दुकाने डिजिटल कॅमेऱ्यांनी भरली होती, आणि एका बाजूस प्राथमिक श्रेणीचा डीएसएलआर तर दुसऱ्या बाजूस सुबक ‘कॉम्पॅक्ट’ अशी निवड होती. प्रश्न मात्र नवा नव्हता. त्याच शहराच्या लष्करी छावणीत दीडशे वर्षांपूर्वी छायाचित्रणाचा जो संसार मांडला गेला, तेथपासून त्याची कथा सुरू होते.

लिनियस ट्राइप हा मद्रासच्या फौजेतील इंग्रज अधिकारी. रजेवर मायदेशी असताना तो छायाचित्रणाची कला शिकला आणि १८५४ साली बंगळूरला परतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने हळेबीड व बेलूर येथील होयसळ मंदिरांची छायाचित्रे घेतली. त्याची निगेटिव्ह सुमारे बारा इंच रुंद आणि पंधरा इंच लांब असे. एवढ्या आकाराचे कारण त्या काळच्या तंत्रातच होते. निगेटिव्हवरून मोठे चित्र काढण्याची सोयीस्कर रीत तेव्हा रूढ झालेली नव्हती. निगेटिव्ह कागदावर दाबून धरावयाची आणि उन्हात ठेवावयाची, म्हणजे तिच्याच आकाराचे चित्र उमटे. सबब जेवढे चित्र हवे तेवढाच कॅमेरा मोठा. शिवाय मेण लावून तयार केलेल्या त्या कागदाला प्रकाश टिपण्यास पुष्कळ वेळ लागे. तेवढा वेळ स्थिर राहणे दगडी मूर्तीला जमे, माणसाला जमत नसे. ट्राइपच्या चित्रांतून मनुष्य बहुधा दिसत नाही याचे हे एक कारण होय.

१८५५ साली गव्हर्नर जनरलच्या शिष्टमंडळाबरोबर ट्राइप ब्रह्मदेशास गेला आणि तेथील १२० दृश्यांचे संच त्याने बंगळूरला परतल्यावर तयार केले. पुढच्या वर्षी मद्रास सरकारने त्याला आपला छायाचित्रकार नेमले. १८५७ च्या अखेरीस तो दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला तेव्हा काचा, रसायने, तिवया आणि कॅमेरे यांचा सरंजाम बैलगाड्यांतून चालला होता. श्रीरंगम्, मदुरा, पुदुकोट्टै असे करीत १८५८ मध्ये तो तंजावरास पोहोचला. भोसल्यांचे तंजावर संस्थान तीनच वर्षांपूर्वी खालसा झाले होते. ज्या बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी राजांनी १८०३ साली आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, त्याच मंदिराच्या विमानाच्या पायथ्याशी असलेल्या प्राचीन तमिळ लेखाचे त्याने चित्रण केले. एकवीस चित्रे एकास एक जोडून सुमारे एकोणीस फूट लांबीची ती पट्टी सिद्ध झाली. अभ्यासकाला घरबसल्या अक्षर न् अक्षर वाचता यावे इतकी ती स्पष्ट होती. हे कार्य दुसऱ्या कोणत्याही साधनाने झाले नसते. परंतु नवे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांना हा सारा खर्च चैनीचा वाटला, आणि १८६० साली ते खातेच आटोपले.

या हकिगतीत मोठ्या कॅमेऱ्याचे दोन्ही गुणधर्म प्रकट झाले आहेत. तो जे देतो ते अव्वल दर्जाचे देतो. पण त्याच्यामागे निश्चित हेतू, वेळ आणि खर्च सोसणारा कोणीतरी उभा असावा लागतो. तो धनी सरकार असेल तर सरकारला जे महत्त्वाचे वाटेल त्याचेच चित्र निघते. त्यामुळे त्या काळच्या देवळांची आणि किल्ल्यांची चित्रे आपल्याला पाहावयास मिळतात. त्याच गावांतील स्वयंपाकघरे, पाळणे आणि ओसरीवर बसलेली माणसे मात्र काळाच्या पडद्याआड गेली.

ही उणीव भरून काढली ती लहान पेटीने. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने ‘कोडॅक’ नावाचा हातात धरण्याजोगा कॅमेरा बाजारात आणला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी भरलेली असे. ती संपली की कॅमेरा तसाच कारखान्याकडे पाठवावयाचा. किंमत पंचवीस डॉलर होती. १९०० साली ‘ब्राउनी’ अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. १९२५ मध्ये जर्मनीच्या लायका कॅमेऱ्याने चित्रपटाच्या पस्तीस मिलिमीटर फितीवर चोवीस गुणिले छत्तीस मिलिमीटरचे इवलेसे चित्र घेऊन ते मोठे करण्याची प्रथा रुजविली. चित्राच्या आकाराने कॅमेऱ्याचा आकार ठरण्याचा ट्राइपच्या काळचा नियम आता मोडीत निघाला.

भारतात ही मुभा सामान्य घरापर्यंत पोहोचण्यास स्वातंत्र्य उजाडावे लागले. परदेशी कॅमेऱ्यांवर जबर आयातकर होता आणि परकीय चलनाची चणचण होती. अशा दिवसांत बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात बनणारा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा मध्यमवर्गाचा कॅमेरा झाला. त्यात फारसे काही जुळवावे लागत नसे; ऊन आहे की ढग, एवढे पाहून खूण फिरवावयाची आणि खटका दाबावयाचा. एका फिल्मवर सहा सेंटिमीटरची बारा चौकोनी चित्रे निघत. बारांपैकी एकही वाया जाऊ नये म्हणून घरातील सर्वांना अंगणात, सूर्याकडे तोंड करून उभे करीत. देशातच फिल्म तयार व्हावी म्हणून १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि उटकमंडच्या तिच्या कारखान्यातून ‘इंदू’ फिल्म बाहेर पडू लागली. तो कारखाना आता बंद पडला आहे. तथापि अनेक घरांच्या अल्बमांतील आजी-आजोबांचे चेहरे त्याच साध्या साधनांचे ऋणी आहेत.

असे असूनही मोठ्या कॅमेऱ्याची गरज संपली नाही, याची साक्ष बंगळूरच देते. वन्यजीवांच्या छायाचित्रणाची एक दीर्घ परंपरा या शहरात नांदली. ओ. सी. एडवर्ड्स, ई. हनुमंतराव, टी. एन. ए. पेरुमाळ ही त्यातील मान्यवर नावे. १९७१ साली स्थापन झालेल्या यूथ फोटोग्राफिक सोसायटीसारख्या संस्थांनी नवोदितांना वळण लावले. एका मराठी घराण्याचाही या परंपरेत मोठा वाटा आहे. बळ्ळारीजवळचे संडूर हे घोरपड्यांचे संस्थान १९४९ साली विलीन झाले. त्या घराण्यातील मुरारराव यशवंतराव घोरपडे हे १९७२ ते १९७७ या काळात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते. राज्याच्या जमाखर्चाचा मेळ घालणारा हा गृहस्थ फुरसत मिळताच अरण्यात जाई, आणि तेथील अनुभवांचे त्याचे सचित्र पुस्तक ‘सनलाइट अँड शॅडोज’ १९८३ साली लंडनहून प्रसिद्ध झाले.

अशा कामाला खिशातील कॅमेरा का पुरत नाही, हे समजून घेण्याजोगे आहे. साध्या कॅमेऱ्यात पाहण्याची खिडकी एक आणि चित्र घेणारे भिंग दुसरे. दूरवरचा पक्षी जवळ आणणारे लांब भिंग लावले की या दोहोंच्या दृष्टीत फरक पडतो. एसएलआर पद्धतीत भिंगातून आलेला प्रकाश एका आरशावरून डोळ्याकडे वळविलेला असतो. खटका दाबताच आरसा वर उचलला जातो आणि तोच प्रकाश फिल्मवर पडतो. जे दिसते तेच चित्रित होते. १९३६ साली ड्रेस्डेनचा ‘किने एक्झाक्टा’ आणि १९५९ साली जपानचा ‘निकॉन एफ’ या कॅमेऱ्यांनी ही पद्धत पस्तीस मिलिमीटर फिल्मवर दृढ केली. डीएसएलआर म्हणजे त्याच यंत्रात फिल्मच्या जागी बसविलेला विजेचा संवेदक होय.

विजेच्या संवेदकाची कथाही जड पेटीपासूनच सुरू होते. १९७५ साली कोडॅकमधील स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने बनविलेला पहिला डिजिटल कॅमेरा साडेतीन किलोहून अधिक वजनाचा होता, आणि एक चित्र कॅसेटवर नोंदविण्यास त्याला तेवीस सेकंद लागत. पुढे अठ्ठावीस वर्षांनी, २००३ मध्ये, कॅनन कंपनीचा ‘ईओएस ३०० डी’ हजार डॉलरच्या आत आला आणि प्राथमिक श्रेणीचा डीएसएलआर हौशी माणसाच्या आटोक्यात आला.

मग दुकानातील त्या दोन कॅमेऱ्यांत वास्तविक अंतर किती होते? बव्हंशी ते संवेदकाच्या क्षेत्रफळात होते. प्राथमिक डीएसएलआरचा संवेदक साधारण चोवीस गुणिले सोळा मिलिमीटरचा; सामान्य कॉम्पॅक्टचा सहा गुणिले साडेचार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पहिला दुसऱ्याच्या तेरापटींहून मोठा. पावसाच्या सरीत परात आणि वाटी शेजारी ठेवावी, तसा हा प्रकार. लख्ख उन्हात दोन्ही पुरेसे भरतात; अंधूक उजेडात वाटीत थोडेच थेंब पडतात आणि चित्र दाणेदार, मळकट दिसू लागते. मेगापिक्सेलचा आकडा दोन्ही खोक्यांवर सारखाच छापलेला असला तरी हा भेद त्यातून कळत नसे. शिवाय डीएसएलआर खटका दाबताक्षणी चित्र घेई. त्या काळचे बहुतेक कॉम्पॅक्ट भिंग जुळविण्यात क्षणभर घुटमळत, आणि तेवढ्यात मूल चौकटीबाहेर पळून जाई.

परंतु पारडे नेहमीच एका बाजूस झुकत नसे. बंगळूरच्या लालबागेत प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास पुष्पप्रदर्शने भरतात. तेथे फुलाच्या अगदी निकट जाऊन चित्र घ्यावयाचे, तर अनेक कॉम्पॅक्ट कॅमेरे काही सेंटिमीटरवरूनही ते काम करीत, आणि लहान संवेदकामुळे पाकळीपासून परागापर्यंत सारे स्पष्ट येई. डीएसएलआरसोबत मिळणाऱ्या नेहमीच्या भिंगाला सुमारे पाव मीटर अंतर राखावे लागे. त्याच शहरातून निघून कावेरीकाठच्या रंगनतिट्टूला पक्षी पाहावयास जावे, तर लांब भिंगाच्या डीएसएलआरला तोड नव्हती. संध्याकाळी एखाद्या सभागृहात मुलीचा नाच टिपावयाचा असेल, तर डीएसएलआर खराच, पण त्याला रुंद छिद्राचे स्वतंत्र भिंग जोडले तरच. सोबत मिळालेल्या भिंगाने तेथेही हिरमोडच होई.

पुष्कळांचा हिशेब येथेच चुकला. भिंगे बदलता येणे हा ज्या यंत्राचा मुख्य गुण, त्याला दुसरे भिंग कधी लाभलेच नाही, तर त्या गुणाचे मोल केवळ कागदावर राहते. कॅमेऱ्याची किंमत ही पहिली हप्तेबंदी. भिंगे, पिशवी, तिवई आणि शिकण्यास द्यावयाचा वेळ हे पुढचे हप्ते. भिंगासकट पाऊण किलो वजन रोज खांद्यावर वागवण्याचा निश्चय टिकला नाही, की ते यंत्र कपाटात विसावते. आणि कपाटातील उत्तम कॅमेऱ्यापेक्षा खिशातील बेताच्या कॅमेऱ्याने अधिक आठवणी राखल्या, हे सत्य नाकारता येत नाही. उलट बाजूने, ज्याला प्रकाश, छिद्र आणि वेग यांचा मेळ घालण्याची विद्या आत्मसात करावयाची होती, त्याला लहान कॅमेऱ्याची स्वयंचलित सोय लवकरच तोकडी पडली. सोय आणि शिक्षण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकीची किंमत देऊन दुसरी मिळत नाही.

पुढे काळाने या वादात अनपेक्षित निकाल दिला. २०१० साली जगभर बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२१ साली हा आकडा नव्वद लाखांच्याही खाली आला. खिशातील कॅमेऱ्याची जागा दूरध्वनीने घेतली होती. एसएलआरमधील आरसाही आता मावळतीला लागला आहे. २००८ पासून आरशाविना, पण भिंगे बदलता येणारे कॅमेरे आले आणि मोठ्या कंपन्यांनी आपले नवे संशोधन तिकडे वळविले. दोन्ही स्पर्धक असे मागे पडले, तरी निवड मागे पडली नाही. आज ती दूरध्वनी आणि स्वतंत्र कॅमेरा यांमध्ये करावी लागते, एवढाच फरक.

या साऱ्या इतिहासातून निघणारे सूत्र साधे आहे. कॅमेरा निवडण्यापूर्वी काय जतन करावयाचे आहे ते ठरवावे लागते. तंजावरचा शिलालेख मोठ्या पेटीनेच वाचविला. अंगणातले कुटुंब लहान पेटीनेच वाचविले. पहिल्या कामास लहान पेटी असमर्थ होती, आणि दुसऱ्या कामास मोठी पेटी कधी आलीच नाही. मात्र एक गोष्ट दोन्ही पेट्यांना समान आहे. ट्राइपची चित्रे दीडशेहून अधिक वर्षे टिकली, कारण ती कागदावर उतरली आणि कोणीतरी ती सांभाळली. अल्बमातील आजोबाही त्याच कारणाने टिकले. आज चित्रांची संख्या अगणित झाली आहे, पण ती छापून, नावगाव आणि साल लिहून ठेवण्याचा प्रघात विरळ होत चालला आहे. कोणताही कॅमेरा, लहान असो वा मोठा, क्षण पकडून देतो. तो पुढच्या पिढीच्या हाती सोपविण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.