टाटा सफारी: दीर्घकालीन वापर व विश्वासार्हता

टाटा सफारी ही टाटा मोटर्स या भारतीय कंपनीची मोठ्या आकाराची कौटुंबिक एसयूव्ही आहे. इ.स. १९९८ मध्ये ती प्रथम बाजारात आली. त्या वेळी कंपनीचे नाव टेल्को असे होते. टाटा मोटर्स हे नाव तिने २००३ मध्ये धारण केले. पहिल्या पिढीचे उत्पादन, मधल्या सुधारणांसह, सुमारे दोन दशके चालले. फेब्रुवारी २०२१ मध्ये हेच नाव एका पूर्णपणे निराळ्या गाडीला देण्यात आले. नाव सोडल्यास या दोन गाड्यांत यांत्रिक नाते जवळजवळ नाही. त्यामुळे सफारी दीर्घकाळ वापरण्यास विश्वासार्ह आहे किंवा नाही, या प्रश्नाचे उत्तर गाडी कोणत्या सालची आहे हे कळल्याखेरीज देता येत नाही.

रचना आणि इंजिने

जुन्या सफारीचा पाया म्हणजे शिडीच्या आकाराची पोलादी चासी. इंजिन, गिअरबॉक्स व चाकांची जोडणी या चासीवर असे आणि वरचा सांगाडा तीवर स्वतंत्रपणे बसवलेला असे. पुढील चाकांना टॉर्शन बार, तर मागील अखंड अॅक्सलला कॉइल स्प्रिंग होत्या. अशा रचनेत वजन वाढते आणि वळणावर गाडी झुकते. पण खड्ड्यांचा मार चासी सोसते व वरच्या सांगाड्यापर्यंत तो कमी पोहोचतो. शिवाय एखादा भाग झिजल्यास तेवढाच उतरवून बदलता येतो. जुन्या सफारीचे दीर्घायुष्य प्रामुख्याने या गुणावर उभे आहे.

आरंभीचे १९४८ घ.सें.मी.चे टर्बो डिझेल इंजिन सुमारे ९० अश्वशक्तीचे होते. दोन टनांच्या आसपास वजनाच्या गाडीला ते अपुरे पडे, ही तक्रार सुरुवातीपासून राहिली. मात्र त्याचा इंधन पंप यांत्रिक असल्यामुळे संगणकीय उपकरणांवाचूनही सामान्य गॅरेजमध्ये त्याची दुरुस्ती होऊ शके. २००५ मध्ये २९५६ घ.सें.मी.चे डायकॉर इंजिन आले. ते टाटा ४०७ या मालवाहू वाहनाच्या इंजिनकुळातील होते आणि त्याचा आवाजही काहीसा तसाच होता. २००७ मध्ये आलेल्या २.२ लिटर डायकॉर इंजिनाने (२१७९ घ.सें.मी., १४० अश्वशक्ती) सफारीला प्रथमच तिच्या आकाराला साजेशी ताकद दिली. ऑक्टोबर २०१२ मध्ये आलेल्या सफारी स्टॉर्म या आवृत्तीत हेच इंजिन नव्या चासीवर बसवण्यात आले. पुढे व्हॅरिकॉर ४०० या रूपात ते १५६ अश्वशक्ती व ४०० न्यूटन-मीटर टॉर्कपर्यंत नेण्यात आले.

२०१७ मध्ये भारतीय लष्कराने ३,१९२ सफारी स्टॉर्म गाड्यांची मागणी नोंदवली. जुन्या मारुती जिप्सीच्या जागी या गाड्या घेण्यात आल्या. या निवडीचा उल्लेख गाडीच्या टिकाऊपणाचे प्रमाण म्हणून वारंवार केला जातो. ते अंशतःच योग्य आहे, कारण लष्कराच्या गाड्यांची देखभाल लष्कराच्या स्वतःच्या कार्यशाळांत वेळापत्रकानुसार होते; खासगी मालकाच्या गाडीच्या वाट्याला ती शिस्त क्वचितच येते.

वयोमानानुसार उद्भवणारे दोष

जुन्या सफारीची ख्याती दुहेरी आहे. इंजिन, गिअरबॉक्स व चासी हे मुख्य भाग लाखो किलोमीटर साथ देतात. किरकोळ भाग मात्र मालकाला सतत गॅरेजकडे नेतात. काचा वर-खाली करणाऱ्या मोटरी, दारांची कुलपे, वातानुकूलन, वायरिंगचे सांधे आणि आतील प्लॅस्टिकचे भाग यांविषयीच्या तक्रारी नित्याच्या आहेत. गाडीच्या वजनामुळे पुढील सस्पेन्शनचे बुश व बॉल जॉइंट आणि क्लच प्लेट यांची झीजही तुलनेने लवकर होते. स्टॉर्मपूर्वीच्या आवृत्त्यांत जादा चाक मागील दारावर टांगलेले असे व त्याचा भार बिजागऱ्यांवर पडे. स्टॉर्ममध्ये ते गाडीच्या तळाशी नेण्यात आले.

यांपैकी बहुतेक दोष गाडी थांबवणारे नसतात. मात्र रेडिएटर व त्याच्या नळ्या, टर्बोकडे जाणाऱ्या हवेच्या नळ्या आणि इंजेक्टर यांकडे दुर्लक्ष केल्यास इंजिनाचे मोठे काम निघते. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर खारट हवेमुळे चासीचे आडवे दुवे व सांगाड्याचा खालचा भाग गंजतो. गंजलेली चासी हा एकच दोष असा आहे की जो सुटा भाग बदलून दूर होत नाही. म्हणून जुनी सफारी घेताना इंजिनाच्या आवाजाआधी गाडीखाली जाऊन चासी पाहणे इष्ट ठरते.

कौटुंबिक वापराच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा नोंदवली पाहिजे. जुन्या सफारीच्या शेवटच्या रांगेत समोरासमोर तोंड केलेली आडवी आसने होती. लग्नसराईत किंवा देवदर्शनाला जाताना तेथे मुले दाटीवाटीने बसत. परंतु अपघाताच्या वेळी अशी आसने समोर तोंड असलेल्या आसनांइतके संरक्षण देत नाहीत.

दुसरी पिढी

२०२१ ची सफारी हॅरियर या गाडीच्या ओमेगा आर्क आराखड्यावर बेतलेली आहे. या आराखड्याचे मूळ लँड रोव्हरच्या डी८ रचनेत आहे. सांगाडा व चासी येथे एकसंध आहेत आणि गाडीला केवळ पुढील चाकांची गती मिळते. त्यामुळे जुन्या सफारीच्या चाहत्यांनी तिला हे नाव देण्यावर आक्षेप घेतला. १९५६ घ.सें.मी.चे १७० अश्वशक्तीचे क्रायोटेक डिझेल इंजिन मूळचे फियाट समूहाचे आहे. तिसऱ्या रांगेतील आसने समोर तोंड केलेली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुधारित आवृत्तीला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढ व बालक या दोन्ही गटांत पाच तारे मिळाले. सुरक्षिततेच्या बाबतीत जुन्या गाडीशी तिची तुलनाच होऊ शकत नाही.

विश्वासार्हतेचा प्रश्न मात्र येथे वेगळे रूप घेतो. भारत स्टेज ६ मानकांमुळे धुरातील काजळी अडवणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आणि युरियाचे द्रावण फवारणारी यंत्रणा डिझेल गाड्यांत आली. गाळणीत साचलेली काजळी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमानाला जाळून टाकावी लागते. महामार्गावर सलग वेगाने गाडी चालली की हे काम आपोआप होते. रोज मुलांना शाळेत सोडणे व मंडईत जाणे एवढाच वापर असल्यास ते अर्धवट राहते, गाळणी तुंबते आणि ही क्रिया वारंवार अपुरी राहिल्यास जास्तीचे डिझेल इंजिन ऑइलमध्ये मिसळते. मोठी डिझेल एसयूव्ही केवळ शहरात वापरण्यासाठी घेणे या कारणाने हितावह नाही, आणि हा मुद्दा खरेदीच्या वेळी ग्राहकाला क्वचितच समजावून सांगितला जातो. माहिती-मनोरंजनाचा पडदा गोठणे, संवेदकांनी खोटे इशारे देणे यांसारखे दोषही दिसून आले आहेत. त्यांपैकी काही सॉफ्टवेअर बदलून दूर होतात; म्हणजेच मालक अधिकृत सेवा केंद्रावर अवलंबून राहतो. जुन्या सफारीच्या मालकाला हक्काचा मेकॅनिक पुरत असे, तसे येथे नाही.

कायदेशीर आयुर्मान

चांगली राखलेली जुनी सफारी यांत्रिकदृष्ट्या निकामी होण्याआधीच कायद्याच्या मर्यादेला पोहोचते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीस नेऊन नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. मोटारगाडीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील खासगी वाहनांना पर्यावरण करही भरावा लागतो.

दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील स्थिती अधिक कठोर आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना तेथे मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती कायम ठेवली. गाडीची प्रत्यक्ष स्थिती, किलोमीटर किंवा धूर यांचा या निकषात विचार नव्हता. केवळ वय पाहिले जाई. परिणामी तेथील अनेक सुस्थितीतील डिझेल एसयूव्ही ना हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. अशी गाडी महाराष्ट्रात आणणाऱ्यास येथील रस्ता कर भरून नवी नोंदणी करावी लागते. तो खर्च धरल्यास स्वस्ताईचा बराच भाग नाहीसा होतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण भारत स्टेज ४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित करण्यात आले. त्यामुळे राजधानी क्षेत्रातील स्टॉर्मच्या मालकांना दिलासा मिळाला. त्याआधीच्या भारत स्टेज ३ मानकाच्या डायकॉर गाड्या मात्र तेथे कारवाईस पात्र राहिल्या.