कळा कुणाच्या, निर्णय कुणाचा?

तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं बाळंतपणावर काय बोलायचं, असं काहींच्या मनात आलं असेल. तर आधी माझी एक चूक सांगतो.

१९७६ साली माझी पत्नी इथेच, रत्नागिरीत बाळंत झाली. मी व्हरांड्यात उभा होतो. नर्सबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "कळा फार येतायत, इंजेक्शन द्यायचं का?" मी म्हटलं, "नको, सोसेल ती. आमच्या आईनं सात वेळा सोसलं." आता बघा, कळा तिच्या आणि उत्तर माझं! आणि त्याच वर्षी मी कॉलेजात 'दुःख' ही संकल्पना शिकवत होतो.

हा वाद जुना आहे. १८४७ च्या जानेवारीत एडिंबरामध्ये जेम्स सिम्पसन या डॉक्टरांनी प्रसूतीत ईथर वापरलं, नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच विरोध झाला. बायबलात ईव्हला शाप आहे, वेदनेतच प्रसवशील. सिम्पसन त्याच बायबलातून उत्तर देते झाले : आदमची बरगडी काढण्याआधी देवानं त्याला गाढ झोपवलं होतं ना? डॉक्टरांचाही विरोध होता. फिलाडेल्फियाचे चार्ल्स मेग्ज म्हणत, या वेदना नैसर्गिक आहेत, हितकारक आहेत. मग ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या आठव्या बाळंतपणात जॉन स्नो यांनी रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म टाकून ५३ मिनिटं दिला. राणीनं घेतला म्हटल्यावर विरोधाची धार बोथट झाली.

त्याच फिलाडेल्फियात १८८६ साली आपल्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी एम. डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं, ते दहा दिवसांत गेलं. प्रसूती हा विषय त्यांना पुस्तकातून भेटलेला नव्हता.

पुढची गोष्ट तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं ऐकण्यासारखी. १९०६ च्या सुमारास जर्मनीत फ्रायबुर्गला मॉर्फिन आणि स्कोपोलामिन एकत्र देऊ लागले. बाई ओरडे, तळमळे. पण नंतर तिला काही आठवत नसे. मग वेदना झाली की नाही? आठवत नाही म्हणजे झालीच नाही, असं मी तरी म्हणणार नाही. शिवाय औषध बाळापर्यंत पोचे, बाळ गुंगीत जन्माला येई. ती पद्धत मागे पडली.

आज पर्याय बरेच आहेत. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन निम्मा निम्मा, बाईनं मास्क स्वतः धरून हुंगायचा. पेथिडिन, ट्रॅमाडॉलसारखी इंजेक्शनं. यात पेथिडिननं बाळाला गुंगी येऊ शकते. आणि पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी घालून दिलेलं एपिड्युरल. याचा आराम सगळ्यात चांगला; पण रक्तदाब उतरू शकतो, शेवटचा टप्पा लांबू शकतो आणि भूलतज्ज्ञ लागतो. भूलतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला कुठून आणणार? म्हणून मुंबईच्या डॉ. शिरीष दफ्तरी यांनी लहान मात्रेतली औषधं आणि प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख यांची सांगड घालून 'प्रोग्रॅम्ड लेबर' ही पद्धत बसवली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या सूचना म्हणतात, निरोगी बाईनं मागितलं तर तिच्या पसंतीप्रमाणे एपिड्युरल द्यावं. "मागितलं तर" हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. ज्या बाईला औषधाशिवाय बाळंत व्हायचंय, तिचंही म्हणणं तेवढंच खरं. सोसणं तिनं निवडलं तर ते तिचं धैर्य. दुसऱ्यानं तिच्या वतीनं निवडलं तर त्याला धैर्य म्हणता येत नाही.

बऱ्याच वर्षांनी मी पत्नीला विचारलं, "तेव्हा तुला इंजेक्शन हवं होतं का गं?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आत्ता विचारताय?"

तेव्हा इथे बसलेल्या सासूबाई, सासरे, जावईबापू, एवढंच करा : सातव्या-आठव्या महिन्यातच तिला घेऊन डॉक्टरांकडे जा, इथे काय काय मिळतं ते विचारा. आणि उत्तर तिला देऊ द्या.