'सिन्स फाइव्ह इयर्स' का चुकते?

छत्रपती संभाजीनगरमध्ये वाळूज किंवा शेंद्रा एमआयडीसीतल्या मुलाखतीत हमखास कानावर पडणारे वाक्य: 'आय ॲम लिव्हिंग इन वाळूज सिन्स फाइव्ह इयर्स.' अर्थ कळतो, पण व्याकरण चुकते. हवे ते असे: 'आय हॅव बीन लिव्हिंग इन वाळूज फॉर फाइव्ह इयर्स.'

राज्यातल्या मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आले, तरी ही चूक गेली नाही. कारण ती इंग्रजी कमी पडल्याची नसून मराठी पक्की असल्याची खूण आहे. आपण 'पाच वर्षांपासून राहतो' म्हणतो आणि '2019पासून राहतो' असेही म्हणतो. दोन्हीकडे 'पासून' आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. इंग्रजीत कालावधीला 'फॉर', तर सुरुवातीच्या क्षणाला 'सिन्स' लागते; आणि तेव्हा सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेला 'हॅव बीन'. शहरातल्या हिंदी-उर्दू बोलणाऱ्यांचेही पाऊल इथेच घसरते, कारण 'पाँच साल से' मधला 'से' आपल्या 'पासून'सारखाच आहे.

जरी-तरीच्या जोडीचेही तसेच. 'जरी' आला की मराठीत 'तरी' येतोच. मग 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट ही केम' असे वाक्य होते. इंग्रजीला दोनपैकी एकच पुरतो. 'बट' काढून टाकावा.

'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' ही चूक जरा वेगळी. 'डज' घालून प्रश्न करायचा हे शाळेत घोकलेले असते, पण इथे प्रश्न विचारलेलाच नाही. म्हणून 'व्हेअर ही लिव्ज' एवढेच.

शब्दांच्या बाबतीत 'बंद करणे' फसवते. दार 'क्लोज' होते, दिवा 'स्विच ऑफ'. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो; 'डिस्कस'मध्ये तो 'वर' आधीच आहे.

दुरुस्तीचा अतिरेकही नको. 'प्रीपोन'ला अनेक शिक्षक लाल शाई लावतात, पण भारतात रूढ झालेला हा शब्द आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे. मुलाखतीत तो खुशाल वापरावा. परदेशी ग्राहकाला मेल लिहिताना मात्र 'ब्रिंग फॉरवर्ड' बरे, कारण त्याने 'प्रीपोन' कधी ऐकलेला असेलच असे नाही.