रनआउट : तीन शतांश मिलीमीटरचा इतिहास



रनआउट म्हटले की आपल्या घरांत कोणीतरी लगेच स्कोअर विचारते. हा लेख मात्र दुसऱ्या रनआउटबद्दल आहे. फिरणारा दांडा आपल्या आसाभोवती नेमका न फिरता किती हेलकावतो, त्या मापाला कारखान्यात रनआउट म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट ओळखीची आहे. सायकलचे चाक घासू लागले की दुकानदार सायकल उलटी करून चाक फिरवायचा आणि आरे आवळून ‘आउट काढायचा’. स्कूटर-मोटरसायकलच्या क्रँकशाफ्टचाही असाच आउट काढतात, पण तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

आपल्याकडच्या या इतिहासाची सुरुवातही सायकलपासून करता येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावला सायकलचे दुकान काढले. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. इंजिन करायचे म्हणजे क्रँकशाफ्ट आला, आणि त्याच्याबरोबर बारीक मोजमापाची शिस्तही आली. १९६१ मध्ये नीळकंठराव कल्याणींनी पुण्यातच भारत फोर्ज स्थापन केली. ट्रक-ट्रॅक्टरसाठी तापलेल्या पोलादातून अखंड घडवलेले तिथले क्रँकशाफ्ट पुढे जगभर गेले.

दुचाकीच्या लहान इंजिनाचा क्रँक बहुधा असा अखंड नसतो. त्यात दोन जड तबकड्या आणि त्यांना जोडणारी एक पिन असते. पिनेवर कनेक्टिंग रॉड सुया किंवा रोलरच्या बेअरिंगवर फिरतो. टू-स्ट्रोक इंजिनात पंपाच्या दाबाने तेल खेळवण्याची सोय नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलावरच भागवावे लागते, म्हणून हे बेअरिंग लागते. रॉडचे तोंड अखंड असल्यामुळे तो अडकवण्यासाठी क्रँकच सुटा ठेवून नंतर प्रेसखाली काही टनांच्या दाबाने जोडावा लागतो. पिन भोकापेक्षा किंचित जाड असते आणि केवळ त्या घट्टपणावर सगळा सांगाडा उभा राहतो. जोडताना एक तबकडी दुसरीच्या मानाने जराशी जरी फिरली, तरी दोन्ही बाजूंचे दांडे एका रेषेत राहत नाहीत. हाच त्याचा आउट.

किती आउट चालतो? बऱ्याच लहान इंजिनांसाठी नव्या क्रँकला सुमारे ०.०३ मिलीमीटर, म्हणजे तीन शतांश. आपला केस साधारण ०.०७ मिलीमीटर जाड असतो. क्रँक दोन आधारांवर ठेवून हळूहळू फिरवतात आणि डायल गेजचा काटा किती हलतो ते पाहतात. काटा तीन शतांश हलला तर आस प्रत्यक्षात त्याच्या निम्माच सरकलेला असतो.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, ते मला रसायनवाला म्हणून विशेष वाटते. मिनिटाला ५,००० फेरे म्हणजे सेकंदाला ८३. दर फेऱ्याला दांडा बेअरिंगला आणि ऑइल सीलला ढुशी देतो. सील सैल झाले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी होते, ज्वलन जास्त तापते आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला धरतो. दुसऱ्या बाजूचे सील गेले तर गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. दोन्ही आजार वरवर रसायनाचे, पण मूळ भूमितीत!

आता आकुर्डी. १९६०च्या सुमारास बजाजने इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला घेतली. परवान्याबरोबर नकाशे येतात आणि नकाशात ०.०३ हा आकडा लिहिलेला असतो. तो रोज, प्रत्येक क्रँकवर पाळण्याची सवय मात्र इथल्या कामगारांना स्वतः लावून घ्यावी लागली. १९७१ मध्ये परवाना संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. तेव्हा विचारायला इटली नव्हती. चेतकचे श्रेय आपण नेहमी मालकांना आणि सरकारी धोरणाला देतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा डायल गेजसमोर बसणाऱ्या माणसांचा आहे.

त्या काळी उत्पादनावर सरकारी मर्यादा होती आणि स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे. परदेशी चलन भरले तर नंबर लवकर लागे, हे आपल्यापैकी काहींच्या घरी आठवत असेल! इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली गाडी टाकून देणे कोणाला परवडणार? म्हणून दुसरी विद्या वाढली, ती गॅरेजांत. पुण्याच्या नाना पेठेसारख्या बाजारांतून पिन-रॉडचा नवा संच आणायचा, प्रेसखाली जुना क्रँक उघडून पुन्हा बसवायचा, लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून डायल लावायचा आणि काट्याकडे बघत तांब्याच्या हातोडीने नेमक्या जागी ठोका द्यायचा. जास्त लागला तर उलट बाजूने पुन्हा. ही विद्या पुस्तकापेक्षा उस्तादाच्या शेजारी उभे राहूनच येते.

१९८५ मध्ये औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजचा कारखाना सुरू झाला. पाठोपाठ कावासाकीच्या सहकार्याने केबी १०० ही मोटरसायकल आली. २००१ मध्ये स्वतःच्या नावावर पल्सर निघाली. ती फोर-स्ट्रोक असली तरी क्रँक जोडलेलाच, आणि आउट काढायचे काम तेच.

२०१९ मध्ये बजाजने चेतक हे नाव पुन्हा आणले, पण ती विजेवर चालते. तिच्यात क्रँकशाफ्टच नाही. मग हे कौशल्य वाया गेले का? मला तसे वाटत नाही. मोटरचा रोटरही फिरतोच, त्यालाही बेअरिंग आहे आणि त्याचाही रनआउट मोजावा लागतो.

इथे रेडमंडमध्ये आपली मुले सॉफ्टवेअरच्या गावात वाढतात. आजोबा ‘कंपनीत’ होते एवढेच त्यांना माहीत असते. कंपनीत ते नेमके काय करत, कोणते माप सांभाळत, हे विचारायला आजोबा-आजी उन्हाळ्यात इथे येतात तोच काळ चांगला. आपल्या घरी पिंपरी-चिंचवड, वाळूज, कोल्हापूर किंवा किर्लोस्करवाडीत काम केलेले कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी पान-दोन पानांत लिहून पाठवा. हस्ताक्षरातल्या चालतील, टाइप करायला आम्ही आहोत.