मद्यपींचे मंडळ आणि मद्यमुक्तांची बैठक

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा नाटककार हयात नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत नागपूरजवळच्या सावनेर येथे त्यांचे निधन झाले होते. सावनेर आणि जबलपूर ही दोन्ही गावे त्या काळी एकाच मध्यप्रांतात होती. इकडच्या मराठी मंडळींना हे नाटक थोडे अधिक आपले वाटले, तर नवल नाही.

या नाटकात तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ आहे. प्रेक्षक त्याला पोटभर हसत आले आहेत. परंतु त्यातील एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पिणाऱ्यांना मंडळ आहे, सोडणाऱ्याला मात्र नाही. सुधाकर पुढे दारू सोडण्याचा निश्चय करतो, आणि तोही मनापासून. तथापि नोकरीसाठी दारोदार फिरताना अपमान वाट्याला येताच तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. सिंधूसारखी पत्नी आणि रामलालसारखा मित्र असूनही, हा दाह स्वतः भोगून त्यातून बाहेर पडलेला एकही माणूस त्याच्याजवळ नसतो.

आपल्याकडील दारूविरोधी चळवळीचा रोख प्रामुख्याने दुकानावर राहिला. पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी १८८० साली लेखी विरोध नोंदविला. १९०८ साली टिळकांच्या प्रेरणेने दुकानांवर निरोधन झाले. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९३८ साली आणि मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचे कायदे आले. गाडगे महाराजांनी कीर्तनातून थेट पिणाऱ्यालाच प्रश्न विचारले. किंबहुना वारकऱ्यांची माळ हीच आपल्याकडील जुनी सोय म्हटली पाहिजे. कारण माळ घेणाऱ्याला व्रताबरोबर दिंडीची आणि भजनाची संगतही मिळत असे. व्रत एकट्याचे असते, पण ते टिकते संगतीने.

हेच सूत्र सातासमुद्रापलीकडे निराळ्या वाटेने गवसले. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी सहा मद्यपींनी एकत्र येऊन दारू सोडण्याची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन संघटना उभी केली. ती झपाट्याने वाढली, आणि काही वर्षांतच बाहेरच्या वादांत गुरफटून मावळली. पुढे १९३५ साली ॲक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील गृहस्थ आणि डॉक्टर बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही मद्यपी. एकमेकांशी मोकळेपणाने बोलताना पिण्याची ओढ आवरता येते, हा त्यांचा अनुभव. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ जन्मास आली. पूर्वसूरींच्या अपयशातून या मंडळींनी धडा घेतला: वर्गणी नाही, बाहेरची देणगी नाही, कोणत्याही सार्वजनिक वादात पक्ष नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट.

भारतात ही चळवळ १९५७ साली मुंबईत सुरू झाली. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ काढले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. तेथे उपचारांना समूहाची जोड मिळाली, आणि रुग्णांच्या पत्नींसाठीही बैठका भरू लागल्या. कारण सिंधूलाही बोलायला कोणी तरी हवेच असते.

आता रांझीकडे वळू. शेजारीच खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना असल्याने ‘दारू’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे नांदतात. नाना प्रांतांतून आलेल्या नोकरदारांच्या अशा वसाहतीत शेजारी तोच सहकारी असतो. घरची वडीलधारी माणसे दूर, बदलीची टांगती तलवार आणि गोपनीय अहवालाची धास्ती. अशा वेळी माणूस दाराला कडी लावून पितो आणि दाराला कडी लावूनच सोडू पाहतो. ‘अनामिक’ या शब्दाचे मोल अशाच ठिकाणी कळते. बैठकीत आडनाव आणि हुद्दा विचारला जात नाही.

योग्य बैठक कशी निवडावी? दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने ती एकाएकी बंद केल्यास झटके आणि भ्रम होऊन जिवावर बेतू शकते; म्हणून प्रथम डॉक्टर गाठावा. शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. कचेरीतील ओळखीचे भय वाटत असेल, तर शहराच्या दुसऱ्या भागातील बैठक पाहावी. जेथे पैसे मागितले जात नाहीत, उपदेशापेक्षा अनुभव अधिक ऐकू येतो आणि घसरून परतलेल्याला पुन्हा खुर्ची मिळते, ती बैठक चांगली. पहिली मानवली नाही, तर दुसरी पाहावी. भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे. कचेरीचे काम हिंदीत सहज होते, पण लाज मातृभाषेतच बोलते. तरीही तुटक हिंदीत का होईना, बोलावे. समोरच्याला त्या कथेतील ओळ न् ओळ आधीच ठाऊक असते.

सुधाकराला अपमानानंतर जाण्यासाठी एकच दार उघडे होते. शंभर वर्षांत दुसरे दार उघडले आहे. आपल्या शेजारच्या बिऱ्हाडात रात्री उशिरापर्यंत दिवा जळत असेल, तर त्या दाराचा पत्ता आपल्याला ठाऊक असावा.