केळापूर : नाव एकीकडे, कचेरी दुसरीकडे

पांढरकवड्याच्या शेतकऱ्याचा सातबारा पाहिला, तर तालुक्याच्या रकान्यात ‘केळापूर’ दिसते. तहसील कचेरी, बाजारपेठ, वर्दळ सारे पांढरकवड्यात. केळापूर मात्र शेजारचे लहानसे गाव, जगदंबेच्या देवस्थानासाठी ओळखले जाणारे. नाव एका गावाचे आणि कारभार दुसऱ्या गावात, हे कोडे मला स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते.

१८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी अंमलात आले. १८६४ साली यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी या तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याला पुढे ‘वणी’ म्हणू लागले, पण मुख्य ठाणे यवतमाळला. म्हणजे जिल्ह्याचीही तीच तऱ्हा! १९०५च्या फेररचनेत जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले आणि नाव व ठाणे यांचा मेळ बसला. केळापूरचा मेळ कोणी बसवला नाही.

हा परिसर मोठ्या इतिहासात येतो तो ओझरता. १८१८च्या एप्रिलमध्ये दुसरा बाजीराव आप्पासाहेब भोसल्यांच्या मदतीच्या आशेने चांद्याकडे निघाला होता. १७ एप्रिलला पांढरकवड्याच्या टापूत कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्याला गाठले व त्याचा पराभव केला. मेमध्ये चांदाही पडले. ३ जूनला पेशवा माल्कमच्या स्वाधीन झाला. इथल्या नदीचे नाव ‘खुनी’. तेव्हा नावाचा धागा या लढाईशी जोडण्याचा मोह होतो. पण नुसत्या नादसाम्यावर इतिहास रचू नये, म्हणून मी तो आवरतो.

शिवाय लढाई एका दिवसाची. कोलाम, गोंड यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. कोलामी आणि गोंडी या द्राविडी बोली, दक्षिणेकडून येणारी तेलुगू आणि वऱ्हाडी मराठी इथे शेजारी नांदतात. त्यामुळे केळापूरचा इतिहास पेशव्यांच्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून लिहिला, तर इथली माणसेच त्यातून गळतात.

२००८च्या पुनर्रचनेत ‘केळापूर’ हा विधानसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. हा भाग आर्णी मतदारसंघात आला. आता हे नाव उरले ते महसुली कागदांवर, गावाच्या वेशीत आणि नागपूर-हैदराबाद महामार्गाच्या टोलनाक्यावर. उद्या कोणी ‘सोयीसाठी’ तालुक्याचेही नाव बदलायचे म्हटले, तर कारभाराला काहीच अडणार नाही. मात्र हा तालुका कधीकाळी केळापूरच्या नावाने का ओळखला गेला, हा प्रश्न विचारायचे निमित्तच संपेल. लहान गावांचा इतिहास बहुधा असाच, कोणाच्या वैरामुळे नव्हे तर सोयीमुळे, पुसला जातो.