करीना ते बायोडाटा

वतनाचा तंटा उभा राहिला की पूर्वी वादी-प्रतिवादी आपापला करीना लिहून देत. जुन्या मराठी गद्याच्या अभ्यासकांना हा दस्तऐवज परिचित आहे. मूळ पुरुष कोण, वतन कोणी मिळवले, धामधुमीत घराण्याने काय सोसले, हे त्यात सविस्तर येते. लिहून देणारा स्वतः मात्र त्यात जवळजवळ नसतोच; तो वंशावळीतला शेवटचा दुवा.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८६२ मध्ये रानडे-भांडारकरांसह पहिले पदवीधर बाहेर पडले. नोकरीच्या अर्जात आता आजोबांऐवजी स्वतःची परीक्षा मांडता येऊ लागली. हा बदल आम्हांस फार मोठा वाटतो. वतन वारशाने येई. पदवी ज्याची त्यानेच मिळवायची. (अर्थात शिफारसपत्रे काही संपली नाहीत, आणि महाविद्यालयाचे दारही सर्वांना सारखे उघडे नव्हते.) लग्नाच्या बायोडाट्यात तर कुळ-गोत्र अजूनही वरच्याच ओळींत असते.

आमचे मराठीचे विद्यार्थी नोकरीसाठी लिहितात तेव्हाही वडिलांचा व्यवसाय, धर्म, जन्मस्थळ यांनीच अर्धे पान व्यापते. उरलेल्या अर्ध्यात 'कष्टाळू', 'प्रामाणिक' वगैरे विशेषणे. वर्षभर भित्तिपत्रक चालवले, गावोगाव फिरून बोलीतले शब्द टिपले, हे राहूनच जाते. विचारावे तर उत्तर येते, "त्यात काय सांगायचं, सर?" ज्या घरात पदवीपर्यंत पोचणारी ती पहिलीच, त्या घराच्या करीन्यात मूळ पुरुषाची जागा तिचीच आहे. किती अंक काढले, किती शब्द जमवले, कोणत्या साली, एवढे लिहिले तरी पान भरते.